गैरहजेरीचा अभ्यास, मुक्काम आंबेखोल

कोकणात लोक समुद्र बघायला जातात, मी गैरहजेरी बघायला गेले होते. त्यामुळे ज्यांना नारळी-पोफळीच्या बागांचं वर्णन वाचायचं असेल त्यांची निराशा होईल. बागा आहेत, चांगल्या आहेत, एवढं सांगते आणि पुढे जाते.

मी पुण्याजवळच्या पंपांच्या एका कारखान्यात कामगार विभागात अधिकारी आहे. कोण आलं, कोण आलं नाही आणि न आलेल्याने काय कारण सांगितलं, हे ऐकून घेणं हा माझा धंदा. चाळिशी उलटल्यावर मी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. नोकरी करणाऱ्या पदवीधरांसाठी 'प्रगत व्यवसाय व्यवस्थापन' अशी दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका होती. वर्गात सगळे टाय लावून येत आणि तासाभरात सगळ्यांनाच डुलक्या येत. आमच्या विभागाच्या व्यवस्थापकाची जागा रिकामी होणार होती. वरच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "बाई, यंदा पदविका हातात पडली तर जागा तुमची. नाहीतर देशमुखची." देशमुख माझ्या हाताखाली होता. त्याच्याकडे पदविका होती आणि मिशी होती.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाने आपल्या कारखान्यातला एक खराखुरा प्रश्न घेऊन प्रकल्प लिहायचा आणि ठरलेल्या दिवशी परीक्षकांपुढे उभं राहून तो मांडायचा. माझा विषय होता, 'फाउंड्रीतील अनुपस्थिती: कारणे व उपाय'. कारणं मला आधीपासूनच माहीत होती. आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या खात्यात, साचे करणारे निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यातले. शिमगा आला की ते जातात. आठवड्याची रजा घेतात आणि आपल्या सवडीने परत येतात. तोपर्यंत भट्टी विझलेली. उपायही मी लिहून ठेवला होता. लागोपाठ रजा ओलांडणाऱ्याला कामावरून कमी करावं. कागदावर तो उपाय फार देखणा दिसत होता. त्याची सुरुवात तुकाराम गोरिवलेपासून करायची हेही वरून ठरलं होतं, कारण रजा ओलांडण्यात त्याचा हात धरणारा कारखान्यात कुणी नव्हता.

आमच्या मार्गदर्शक सरांनी प्रकल्प चाळला आणि म्हणाले, "कारणं ऑफिसात बसून लिहिल्यासारखी वाटतात. एकदा तिकडे जाऊन या." सर स्वतः पेठेच्या बाहेर जात नसत, पण दुसऱ्यांनी जावं याबद्दल त्यांचं मत ठाम होतं.

मी गोरिवलेला बोलावून घेतलं. काळासावळा, रुंद खांद्यांचा, कायम घुश्शात असल्यासारखा दिसणारा माणूस. एक शब्द विचारला तर अर्धा शब्द उत्तर.

"गोरिवले, या शिमग्याला मी तुमच्या गावी येणार आहे."

"या की म्याडम. घर आपलाच हाय."

मी धमकी दिली होती, त्याने ती आमंत्रण म्हणून स्वीकारली. मग मी त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं, की रजा रविवारी संपते, रविवारी आपण दोघांनी एकाच गाडीने परत यायचं, आणि यंदा रजा ओलांडली तर नोकरी वाचवणं माझ्या हातात राहणार नाही. सोमवारी सकाळी माझी परीक्षा आहे, हेही सांगितलं.

"व्हय," तो म्हणाला.

आमच्या ह्यांनी एवढंच विचारलं, की येताना आमसुलं आणशील ना.

दापोली

प्रवासाबद्दल इतकंच, की एस.टी. घाट उतरत असताना पोटात काही नसलेलं बरं. माझ्या पोटात साबुदाण्याची खिचडी होती.

दापोली थंड आणि नीटनेटकी आहे. शेतकी विद्यापीठाची मुलं सायकलींवरून हिंडत असतात आणि चहाच्या टपरीवरही कलमं कशी बांधायची यावर वाद घालतात. मी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा मागवला. चहा ठेवता ठेवता मालकाने विचारलं, "कोणाकडं आलाव?" पलीकडच्या बाकावरच्या माणसाने तेच विचारलं. तिकिटाच्या खिडकीवरही तेच. पुण्यात असं कुणी विचारत नाही, कारण उत्तर 'तुमच्याकडेच' असं निघालं तर पंचाईत. इथे मी "आंबेखोलला, गोरिवल्यांकडे" म्हटल्यावर हॉटेलमालकाने चहाचे पैसे घ्यायला नकार दिला. गोरिवले त्याचा कोण हे विचारलं तर म्हणाला, "कोन नाय. पन शिमग्याच्या पावन्या तुमी."

आंबेखोलच्या फाट्यावर गोरिवले उभा होता. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, कपाळाला गुलाल. मी त्याला ओळखलं नाही. फाउंड्रीत मी त्याला कधी हसताना पाहिलं नव्हतं, आणि समोरचा माणूस हसत होता. त्याने माझी बॅग डोक्यावर घेतली आणि दगडी पायऱ्यांची पाखाडी भराभर उतरू लागला. मी चपला सांभाळत मागे. वरती काळा कातळ तापलेला, खाली खाचरांत पेरणीआधी पालापाचोळ्याचा राब भाजल्याचा धूर, आणि वाटेवर काजूची बोंडं पडलेली. त्यांचा वास पिकलेपणाच्या पुढे गेला होता. कारखान्यात हाच माणूस भट्टीपासून स्टोअरपर्यंत जायला अर्धा तास घेतो, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

आंबेखोल

घर चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी आणि शेणाने सारवलेलं अंगण. पडवीत गोरिवलेचे वडील बसले होते, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. गोरिवलेची बायको सुमन पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या मागून एक ठेंगणी, खणखणीत म्हातारी आली.

"ही आमची मोटी मावशी," गोरिवले म्हणाला.

मी नमस्कारासाठी हात जोडले आणि ते तसेच राहिले. गेल्या वर्षी याच दिवसांत माझ्या टेबलावर तार आली होती, की मावशी वारली. त्याच्या आदल्या वर्षीही आली होती. आदल्या वर्षी तर मी दुःखही व्यक्त केलं होतं.

"गोरिवले," मी हळूच विचारलं, "ही तीच मावशी का?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "तीच. दुसरी नाय आमाला."

म्हातारीला सगळं ठाऊक होतं. "म्याच सांगितला त्येला, माजा नाव घाल," ती म्हणाली. "म्हाताऱ्या मानसाचा तेवडाच उपेग. बसा, घावनं गरम हायत."

घावणे आणि ओल्या काजूची उसळ. मयत व्यक्तीच्या हातचं मी पहिल्यांदाच जेवत होते, आणि मला दुसऱ्यांदा वाढून घ्यावं लागलं. पुण्यात आम्ही उसळीत काजू घालतो ते पाहुण्यांना दिसावेत म्हणून. इथे उसळच काजूची होती, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

हात धुताना मी गोरिवलेला म्हटलं, "खोटं कारण कशाला द्यायचं? खरं काय ते सांगावं."

"सांगितला व्हता की. पयल्या वर्साला. पालखी यायची हाय म्हनून. तुमी नाय बोल्लाव."

ते खरं होतं. 'पालखी' हे कारण आमच्या नियमांत बसत नाही. मयत बसतं.

पालखीचा प्रकार मला आप्पांनी दुसऱ्या दिवशी समजावून सांगितला. झोलाई ही गावदेवी. वर्षभर लोक तिच्या देवळात जातात. शिमग्यात ती देवळातून निघते आणि गावातल्या एकूण एक घरी जाते. कुणाचं घर लहान म्हणून टाळत नाही, कुणाचं मोठं म्हणून दोनदा जात नाही. तिची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसवतात, खांद्यावर घेतात आणि ढोल-सनईवर नाचवतात. कुठल्या वाडीनंतर कुठली वाडी हे ठरलेलं आहे. कुठल्या अंगणात ती किती वेळ नाचेल हे कुणी ठरवत नाही.

गोरिवल्यांची वाडी पऱ्याच्या पलीकडे. पऱ्या म्हणजे ओढा. पालखी पऱ्या ओलांडून वाडीत शिरते तेव्हा पुढची दांडी गोरिवल्यांच्या घरातल्या पुरुषाने खांद्यावर घ्यायची, हा त्यांचा मान. आप्पांचा खांदा आता गेला. गोरिवलेला भाऊ नाही.

"आनि घरातला कोन नसला तर?" मी विचारलं. दोन दिवसांत माझीही भाषा थोडी बिघडली होती.

"तर शेजारचा घेतो."

"मग पुढच्या वर्षी?"

"मग त्येंचाच झाला," आप्पा म्हणाले. "गेलेला मान माघारी येत नाय, बाय."

मी गावकारांना भेटायला गेले. धोंडू गावकार म्हणजे गावाच्या देवकार्याचे प्रमुख, जाड चष्म्याचे, अंगात गंजिफ्रॉक. पालखी गोरिवल्यांच्या वाडीत नक्की कधी येईल, असं मी विचारलं.

"येल तवा येल."

एका वर्गात आम्हाला मोठ्या कामाचा आराखडा काढायला शिकवलं होतं. कामं गोलांत लिहायची, गोल बाणांनी जोडायचे, आणि कुठल्या वाटेवर उशीर झाला तर सगळ्यालाच उशीर होतो हे शोधून काढायचं. मी खडू मागितला आणि त्यांच्या पडवीत वाड्यांचा आराखडा काढला. गोल, बाण, सगळं. गावकारांनी बराच वेळ पाहिलं. मग मुलांना ओरडून सांगितलं, की त्यावर कुणी पाय देऊ नका, रांगोळी हाय. शेवटी माझं समाधान व्हावं म्हणून ते म्हणाले, "शनवारी सांजच्याला येल, असा धरा."

शनिवारी पालखी, रविवारी गाडी, सोमवारी परीक्षा. सगळं माझ्या आराखड्याप्रमाणे बसत होतं. त्या दिवशी मला छान झोप लागली.

बुरोंडी

शुक्रवारी पालखी लांबच्या वाडीत होती, म्हणून मी सुमनबरोबर बुरोंडीला गेले. घरी विचारतील, तेव्हा समुद्रही पाहून ठेवावा. समुद्र होता. वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या, आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास असा, की मला नाकाला पदर लावावा की नाही हे ठरवता येईना. सुमनने लावला नाही, म्हणून मीही लावला नाही.

तिथे इब्राहिमचाचा भेटले. सुमनच्या माहेरी मासळी देणारं हे घर, त्यामुळे आम्हाला बसवून चहा दिला. तरुणपणी ते गलबतांवर होते, आता मुलगा कुवेतला. मी लगेच माझा विषय काढला. तिकडे रजेचे नियम कसे?

"दोन वर्सांनी एक म्हयना," चाचा म्हणाले. "विमान चुकला तर नोकरी खल्लास. फार सक्त."

"मग कुणी विमान चुकवत नसेल."

"चुकवतो की आमचा पोरगा. गेल्या खेपेला ईद होती, त्याच्या आधी भयणीचं लगीन."

"आणि नोकरी?"

"साहेब मिसरचा, इजिप्तचा होता. त्याने फोन केला, बहुत बोलला, मग विचारला, लगीन कसा झाला." चाचांनी बशीतला चहा संपवला. "साहेब लोकांना पन घर असतं ना बाय."

हे मी माझ्या अभ्यासासाठी लक्षात ठेवलं नाही, पण ते राहिलं. येताना त्यांच्या अंगणातून मी समुद्राकडे एकदा नीट पाहून घेतलं, कारण सुमन म्हणाली तुमी समुद्र बगितलावच नाय.

पऱ्याच्या अलीकडे

शनिवारी दुपारपासून ढोल जवळ येऊ लागला. मावशीने अंगण पुन्हा सारवलं. सुमनने ओटीचं ताट मांडलं, खण, नारळ, तांदूळ. गोरिवले न्हाऊन, नवा सदरा घालून पऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. पालखी पऱ्याच्या गावाकडच्या बाजूला, शेवटच्या घरांत होती. आणि ढोल थांबला.

मला वाटलं वाजवणारे दमले. मावशी म्हणाली, "राघो गेला."

खालच्या वाडीतले राघो भुवड, कित्येक महिने अंथरुणाला खिळलेले. गावात मयत झालं की अग्नी दिल्याशिवाय पालखी जागची हलत नाही. ती तिथेच एका अंगणात बसवली, वर चादर धरली, आणि सगळे राघोबांच्या घरी निघाले. मी विचारलं, अग्नी कधी देणार? तर थोरला मुलगा मुंबईला, तो आल्याशिवाय नाही. कुणीतरी फोन करायला दापोलीला गेलं.

मी पडवीत बसून आराखडा मनात पुन्हा काढून पाहिला. त्यात राघोबा कुठेच नव्हते.

राघोबांचा मुलगा रविवारी दुपारी आला. पाखाडीवरून उतरला तो ऑफिसचे बूट, शर्ट खोचलेला, हातात रेक्झिनची बॅग. गोरिवलेने पुढे होऊन त्याचा हात धरला. मी जवळच होते.

"शिमग्याला नाय दिली रजा," तो गोरिवलेला म्हणाला. "बोलले, सन काय दर वर्साला येतो. काल फोन आला तशी लगेच दिली. वर पैसे पन दिले जाया-यायाला."

तक्रारीचा सूर नव्हता. गाडी वेळेवर मिळाली, अशा आवाजात तो हे सांगत होता. बाबांशी चार दिवस बोलायचं होतं ते राहिलं, एवढंच पुढे म्हणाला आणि बूट काढायला खाली बसला. मला लाज वाटली. ती त्याच्या साहेबाच्या वतीने वाटली, अशी मी स्वतःची समजूत घातली.

अग्नी दिला तेव्हा ऊन कललं होतं. गावकार म्हणाले, आता पालखी उद्या सकाळी उठेल. पुण्याला सोमवारी वेळेवर पोचवणारी गाडी फाट्यावर तासाभरात येणार होती.

मी बॅग भरली. बाहेर आले तर गोरिवले कारखान्याची पँट घालून, पिशवी घेऊन तयार. "चला म्याडम," तो म्हणाला. मी त्याला काही बोललेच नव्हते. "सबूद दिलाय तुमाला."

आप्पा पडवीत बसून होते, त्यांनी मान वर केली नाही. सुमन आत होती, बाहेर आली नाही. मावशीने मात्र माझ्या बॅगेत आमसुलांची पुडी कोंबली, वर आंबोशी घातली, आणि रस्त्यात खायला म्हणून कोवळ्या फणसाच्या कुयरीची भाजी आणि भाकरी दिली. घरातल्या माणसाचा मान घेऊन निघालेल्या बाईला इतकं कोण देतं? तिने एखादा बोल लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

फाट्यावर आम्ही दोघं उभे. गाडी दिसत नव्हती. गोरिवले रस्त्याकडे पाठ करून खाली पऱ्याकडे बघत होता.

"उद्या दांडी कोण घेणार?" मी विचारलं.

"बाबल्या. शेजारचा."

"चांगला आहे?"

"खांदा बरा हाय त्येचा."

परत आल्यावर ऑफिसात मावशी वारल्याचं तो ज्या आवाजात सांगायचा, तोच आवाज. मावशीला भेटल्यापासून मी त्या आवाजाला खोटं बोलणं समजत होते.

मी म्हटलं, "गोरिवले, तुम्ही थांबा. मी एकटी जाते."

"मग उद्या तिथं काय सांगशाल?"

प्रश्न बरोबर होता. उद्या अकरा वाजता परीक्षकांपुढे मी काय सांगणार होते, तर लागोपाठ रजा ओलांडणाऱ्याला कमी करावं. ते सांगितलं नाही तर माझ्याकडे प्रकल्पच उरत नव्हता, आणि सांगितलं तर पहिला माणूस माझ्यासमोर उभा होता. त्याला थांबवून स्वतः जायचं म्हणजे त्याला इथे मान द्यायचा आणि तिथे नोकरीवरून काढायचं. मला देशमुखची मिशी दिसली. व्यवस्थापकाच्या केबिनमधली फिरती खुर्ची दिसली. दोन वर्षं संध्याकाळी घरी न जाता, पेंगत, वडापाव खाऊन मी ती मिळवत आणली होती. ती मला फार हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

गाडी आली. कंडक्टरने दार उघडलं. "येताव काय?"

मी पायरीवर एक पाय ठेवला. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. पालखी यायची आहे."

त्याने पुढे काही विचारलं नाही. पुरावा मागितला नाही, कुणाचं घर, कितवं घर, काही नाही. "मग ऱ्हावा," म्हणाला आणि घंटी मारली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझ्यासमोर इतक्या चटकन कुणाचं कारण मंजूर झालेलं मी पाहिलं नव्हतं.

गोरिवलेने माझी बॅग उचलून डोक्यावर घेतली. तो पाखाडी उतरू लागला. मी मागे. मला रडू येत होतं आणि चपलांकडेही लक्ष ठेवायचं होतं.

सोमवार

सकाळी ढोल सुरू झाला. भुवडांच्या घरासमोरून पालखी न थांबता पुढे आली. सुतक होतं, म्हणून यंदा त्या घरी ती जाणार नव्हती. थोरला मुलगा दारात उभा राहून लांबूनच हात जोडत होता.

पऱ्यात पाणी घोट्याएवढं होतं. पालखी पाण्यात आली, गोरिवले पुढे झाला आणि त्याने दांडी खांद्यावर घेतली. फाउंड्रीत लोखंड ओतताना त्याचे खांदे मी हजारदा पाहिले असतील. तिथे ते ओझं उचलतात. इथे तो नाचत होता, एवढा थोराड माणूस, डोळे मिटून, पाणी उडवत. आप्पा अंगणात काठी टेकून उभे होते आणि त्यांचे पाय जागच्या जागी हलत होते. बाबल्या मागच्या दांडीला होता, आणि त्याच्या तोंडावर कसलाही राग नव्हता. उलट आपली सुटका झाल्यासारखा तोच जास्त नाचत होता.

पालखी आमच्या अंगणात बसली. आमच्या म्हणजे गोरिवल्यांच्या. सुमनने ओटी भरली, मग मावशीने ताट माझ्या हातात देऊन मलाही भरायला लावली. त्यानंतर गाऱ्हाणं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, की घरच्या माणसांच्या वतीने गावकार देवीला मोठ्याने हाका मारून मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळा जमाव एका आवाजात होकार देतो.

धोंडू गावकारांनी चष्मा सारखा केला. "आई झोलाई म्हाराजा! हा तुकाराम तुजा लेकरू, पोटासाटी घाटावर ऱ्हाताय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या घरादाराला, म्हाताऱ्या बापाला सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि त्येच्या नोकरीच्या वाटंत जो कोन आडवा आला आसंल, त्येला तू बाजूला कर म्हाराजा!"

जो कोण आडवा आला होता तो ताट घेऊन तुळशीजवळ उभा होता. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. गावकारांना माहीतही नसावं. हे मागणं ते मुंबई-पुण्याच्या प्रत्येक माणसासाठी असंच मागत असणार. गोरिवलेने मात्र मान खाली घातली. सगळे ओरडले, आणि मीही ओरडले, "व्हय म्हाराजा!" माझा आवाज इतरांच्या थोडा मागून आला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला.

मावशी गावकारांच्या कानाशी लागली. त्यांनी गोरिवलेला विचारलं, बायची ती परीक्षा कसली? गोरिवले म्हणाला, "मोटी हाय. साहेब व्हयाची."

"आनि ही पावनी बाय!" गावकारांनी आवाज चढवला. "लेकीबाळीसारी तुज्या पायाशी आलीय म्हाराजा! तिची मोटी परीक्षा हाय, त्या परीक्षेत तिला पयल्या नंबरान पास कर म्हाराजा!"

अकरा वाजून गेले होते. पुण्यात त्या वेळी माझं नाव पुकारलं जात असणार, एकदा, मग दुसऱ्यांदा. इथे आप्पा, सुमन, मावशी, बाबल्या, ढोलवाले, लांब कुंपणापाशी आलेला भुवडांचा मुलगा, सगळी वाडी बेंबीच्या देठापासून ओरडली, "व्हय म्हाराजा!" माझ्यासाठी इतक्या माणसांनी एकदम काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी पदराने तोंड पुसलं आणि प्रसादाचं खोबरं घेतलं.

आम्ही मंगळवारी परत निघालो, एकाच गाडीने. घाटात गोरिवलेला गाडी लागली, मला नाही.

संस्थेत मला गैरहजर लावलं आणि पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. सर म्हणाले, विषय चांगला होता. जागा देशमुखला मिळाली. मला वाईट वाटलं, अजून वाटतं, त्या केबिनवरून जाताना मी दुसरीकडे बघते. खुर्चीवर बसल्यावर पहिल्याच आठवड्यात देशमुखने रजा ओलांडल्याबद्दल माझ्याकडे कारण मागितलं. मागणं त्याला भाग होतं. मी 'पालखी' असं लिहून दिलं.

त्याने मला आत बोलावलं. "बाई, हे कारण नियमात बसत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण खरं तेच आहे."

तो बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत बसला. मुलगा मुळात वाईट नाही, आणि माझ्यासारख्या बाईला पहिल्याच आठवड्यात दंड करणं त्याच्या जिवावर आलं. शेवटी त्याने 'मंजूर' लिहिलं आणि सही केली. अधिकाऱ्याला एकदा मंजूर झालेलं कारण कामगाराला नाकारता येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. त्याच दुपारी गोरिवलेच्या जास्तीच्या दिवसांपुढे मी 'पालखी' आणि 'मंजूर' हे दोन्ही शब्द लिहिले, आणि मग फाउंड्रीतल्या बाकीच्यांना त्यांची खरी कारणं विचारायला एकेक करून आत बोलावलं.